स्टॉलच्या सरावात विमान हातचे सुटले; सर्किटला जाण्याआधी काय समजून घ्यावे?

खानापूरकन्या:

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली असून बेळगावला राहून व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी प्रशिक्षण घेत आहे. लागणाऱ्या २०० तासांपैकी माझे ५२ तास पूर्ण झाले आहेत आणि त्यांतले ६ तास मी एकटीने उडवले आहेत. गेल्या आठवड्यात जे घडले त्यानंतर मला नीट झोप लागलेली नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

विमान सेस्ना १७२ होते, सकाळचे आठ वाजले होते, हवा शांत होती आणि उत्तरेला हिडकल धरणाचे पाणी स्पष्ट दिसत होते. अल्टिमीटरवर ५,५०० फूट असताना इन्स्ट्रक्टरांनी मला पूर्ण पॉवरवरचा स्टॉल (नाक इतके वर घ्यायचे की पंख विमानाला पेलेनासे होतात) करायला सांगितला. मी थ्रॉटल पुढे केले, नाक वर घेतले आणि वेग उतरू लागला. आमच्या विमानाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक लहान भोक आहे, त्यातून हवा ओढली गेली की आत पेटीच्या सुरासारखी पातळ पाती वाजते. उड्डाणापूर्वी त्या भोकावर स्वच्छ रुमाल धरून तोंडाने हवा ओढून आम्ही ती वाजते की नाही ते तपासतो. ती पाती आधी हलकी आणि मग चांगलीच चढ्या सुरात वाजू लागली, आणि माझे सगळे लक्ष त्या आवाजाकडे आणि समोरच्या आकाशाकडे राहिले. पुढच्याच क्षणी डावा पंख खाली गेला. मी योक (हातातले सुकाणूचक्र) उजवीकडे पूर्ण वळवला, कारण पंख डावीकडे पडला तर उजवीकडे वळवायचे हे हाताला आपोआपच सुचले. विमान उजवीकडे आले नाहीच, उलट आणखी वेगाने डावीकडे वळले, नाक खाली गेले आणि शेताचे चौकोन काचेसमोर फिरू लागले. इन्स्ट्रक्टरांनी ‘आय हॅव कंट्रोल’ असे दोनदा म्हटल्याचे मला नंतर कळले, कारण पहिल्या वेळी माझ्या मुठी सुटल्याच नव्हत्या. त्यांनी विमान सावरले तेव्हा अल्टिमीटर ४,७०० फूट दाखवत होता.

उतरल्यावर डीब्रीफिंग (उड्डाणानंतरची चर्चा) जेमतेम पाच मिनिटांचे झाले, कारण पुढचा विद्यार्थी उभा होता. ‘असे होते, पुढच्या वेळी रडर वापर,’ एवढेच मला सांगितले गेले (रडर म्हणजे पायाच्या पेडलने चालणारे शेपटीचे सुकाणू). माझा प्रश्न असा आहे की मी उजवीकडे वळवूनही विमान डावीकडे का गेले, आणि हेच सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या ठरावीक चौकोनी फेरीत), जमिनीपासून हजार फुटांवर, मी एकटी असताना घडले असते तर काय झाले असते? पुढच्या आठवड्यात मला पुन्हा सोलो सर्किटला पाठवणार आहेत. आणखी एक गोष्ट विचारायची आहे. घरच्यांनी जमिनीवर कर्ज काढून मला इथे पाठवले आहे आणि त्यांना यातले काहीही मी सांगितलेले नाही. सांगावे का?

जुना_इन्स्ट्रक्टर:

नमस्कार. मी मूळचा चिकोडीचा, आता निवृत्त; आयुष्याचा मोठा भाग मी विद्यार्थ्यांच्या शेजारच्या सीटवर बसून काढला आहे. तुम्ही घटना इतकी नीट लिहिली आहे की मला त्यातच उत्तर दिसते. तुमच्या लिखाणात पातीचा आवाज आहे, आकाश आहे, अल्टिमीटर आहे, पण एका वस्तूचा उल्लेख नाही, आणि ती म्हणजे टर्न कोऑर्डिनेटरच्या (वळण दाखवणाऱ्या उपकरणाच्या) वाकड्या काचनळीतली, विमान बाजूला घसरते आहे का ते दाखवणारी काळी गोळी. मी पैज लावून सांगतो की पंख पडण्याआधी काही सेकंद ती गोळी मधल्या दोन रेघांच्या बाहेर, उजवीकडे जाऊन बसलेली होती. विमान तुमच्या हातून पंख पडला तेव्हा सुटले असे तुम्हाला वाटते. माझ्या मते ते गोळी सरकली तेव्हाच सुटू लागले होते.

कारण असे आहे. पूर्ण पॉवर आणि उंच नाक या स्थितीत प्रोपेलरचे उजव्या बाजूने खाली येणारे पाते डाव्या बाजूच्या पात्यापेक्षा जास्त ओढ देते, शिवाय प्रोपेलरची फिरती हवा शेपटीच्या उभ्या पंखावर डावीकडून आदळते, आणि दोन्हींचा परिणाम नाक डावीकडे ओढले जाण्यात होतो. वेग जसजसा उतरतो तसतसा हा ओढा वाढत जातो आणि नेमक्या त्याच वेळी रडरवरची हवा कमी झाल्याने रडर दुबळा पडतो, म्हणून उजवा पाय हळूहळू अधिकाधिक दाबत जावे लागते. तुमचा पाय होता तिथेच राहिला असणार. नाक डावीकडे वळत असताना डावा पंख मागे पडतो, त्यावरची हवा मंदावते आणि तो उजव्याआधी स्टॉल होतो.

आता तुमच्या हाताबद्दल. स्टॉल हा वेगाचा प्रश्न नसून पंख हवेला कोणत्या कोनात भिडतो याचा प्रश्न आहे, आणि बहुतेक लहान विमानांत तो कोन साधारण १५ ते १८ अंशांच्या पुढे गेला की पंखावरची हवा पृष्ठभाग सोडते. तुम्ही योक उजवीकडे वळवला तेव्हा उजव्या पंखाचा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी हलती पट्टी) वर गेला आणि डाव्या पंखाचा खाली आला. खाली आलेला एलेरॉन एरवी त्या पंखाला वर उचलतो, पण तो पंख आधीच स्टॉल झालेला असल्याने एलेरॉनने त्याचा कोन आणखी वाढवला, त्याचा अवरोध वाढला आणि त्याने विमानाला मागे, म्हणजे डावीकडेच खेचले. उजवा पंख उडत राहिला, डावा उडेनासा झाला, आणि विमान डाव्या पंखाभोवती फिरू लागले. यालाच स्पिनची सुरुवात म्हणतात. तुमच्या हाताने पन्नास तास जे बरोबर केले तेच त्या एका क्षणी चुकीचे होते. यात भित्रेपणाचा काहीही संबंध नाही.

पंख पडू लागला की पहिले काम पंखाचा कोन कमी करण्याचे, म्हणजे योक पुढे देण्याचे. त्याच वेळी वळणारे नाक उलट बाजूचा पेडल दाबून थांबवायचे. आणि पंख पुन्हा उडू लागला की मगच एलेरॉनने विमान समतल करायचे. फिरकी पक्की सुरू झाली असेल तर थ्रॉटल बंद, एलेरॉन मध्यावर, फिरकीच्या उलट दिशेचा रडर शेवटपर्यंत, मग योक ठामपणे पुढे. फिरणे थांबताच रडर मध्यावर आणून नाक सावकाश वर. तुमच्या विमानाच्या हस्तपुस्तिकेत जो क्रम दिलेला असेल तो माझ्या सांगण्यापेक्षा वरचा मानावा, आणि स्पिनचा सराव त्यासाठी मान्यता असलेल्या विमानातच आणि इन्स्ट्रक्टर शेजारी असतानाच करावा.

तुमच्या मुठी सुटल्या नाहीत याबद्दलही लिहितो, कारण मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. मी अनेक विद्यार्थ्यांच्या मुठी अशा घट्ट आवळलेल्या पाहिल्या आहेत. उड्डाणापूर्वी दोघांनी ठरवून घ्यावे: एकाने ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणायचे, दुसऱ्याने ‘यू हॅव कंट्रोल’ म्हणत दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवायचे आणि पाय पेडलवरून मागे घ्यायचे, आणि पहिल्याने पुन्हा एकदा ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणून ते पक्के करायचे. हे जमिनीवर, उभ्या विमानात, इंजिन बंद असताना वीस वेळा करा. हात मांडीवर जाण्याची सवय हातालाच लागली पाहिजे, कारण त्या क्षणी डोके उशिरा ऐकते.

आणि पाच मिनिटांच्या डीब्रीफिंगवर समाधान मानू नका. पुढचे उड्डाण सोलो असता कामा नये. तुम्ही स्वतः, लेखी, इन्स्ट्रक्टरबरोबर पुन्हा एकदा स्टॉलचा सराव मागा. मागणाऱ्या विद्यार्थ्याला मी कधी कमी लेखले नाही. न मागता पुन्हा सोलोला जाणाऱ्याची मात्र मला काळजी वाटत असे.

निपाणीची_आई:

माझा मुलगा दुसऱ्या शहरात हेच शिकतो. त्याच्या बाबतीत असे काही घडले होते ते मला चार महिन्यांनी त्याच्या मित्राकडून कळले, आणि घडल्यापेक्षा लपवल्याचे दुःख मला जास्त झाले. मुली, घरी सांग. वरच्या काकांनी जसे समजावले तसे, पंख का पडला आणि आता काय करणार आहेस हे दोन्ही सांग. कर्ज आम्ही आईवडील फेडतो. तू घाबरलेली असताना केवळ पैशांच्या ओझ्याने विमानात बसावेस असे कोणत्याही आईला वाटणार नाही.

उजवी_सीट:

मी आता एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे, पण माझेही सुरुवातीचे तास सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगावच्या विमानतळाच्या, आकाशातच झाले, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथल्या धावपट्टीच्या हिशेबाने देतो.

आधी उंचीचा हिशेब करा. सांबऱ्याची जमीनच समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर आहे. तुमचा अल्टिमीटर ५,५०० दाखवत होता म्हणजे तुमच्या चाकांखाली फक्त ३,००० फूट होते आणि त्यातले ८०० फूट गेले, तेही इन्स्ट्रक्टरांनी वेळेवर सावरले म्हणून. सर्किट जमिनीपासून १,००० फुटांवर असते आणि बेसवरून (धावपट्टीला आडव्या बाजूवरून) फायनलला (धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्याला) वळताना साधारण ५०० फूट उरतात. तिथे हे घडले तर सावरायला उंचीच नसते. ही गोष्ट मी तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही; सर्किटमध्ये सगळा भर स्पिनमधून बाहेर पडण्यावर नसून गोळी मध्यावर ठेवण्यावर का असतो, ते यातून समजते.

आता प्रत्यक्ष चूक कशी घडते ते पाहा. समजा २६ नंबरच्या धावपट्टीवर, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उतरायचे आहे, सर्किट डाव्या हाताचा आहे आणि पावसाळ्यात वाहतो तसा नैऋत्येचा वारा सुटला आहे. बेसवर तुमचे तोंड उत्तरेकडे असते आणि तो वारा तुम्हाला मागून ढकलतो, त्यामुळे नेहमीच्याच ठिकाणी वळायला सुरुवात केली तरी तुम्ही धावपट्टीच्या मध्यरेषेच्या पलीकडे, उत्तरेला निघून जाता. रेषा डावीकडे राहिलेली दिसते. जमीन जवळ आहे म्हणून पंख जास्त कलवायची भीती वाटते, आणि मग नाक लवकर वळावे म्हणून डावा पाय नकळत दाबला जातो. नाक वळते, बाहेरचा पंख वेगाने फिरल्यामुळे विमान आणखी कलते, ते थोपवायला हात योक उजवीकडे नेतो, आणि नाक खाली गेले म्हणून हात योक मागेही ओढतो. डावा रडर, उजवा एलेरॉन, मागे ओढलेला योक. या वेळी गोळी कुठे असते? पुन्हा उजवीकडेच, जिथे ती तुमच्या स्टॉलच्या वेळी होती. आतला डावा पंख आधी स्टॉल होतो आणि विमान वळणाच्या आतल्या बाजूला उलटते.

त्यात वळणाचे वजन मिळवा. १७२ एस या प्रकारात फ्लॅप (उतरताना पंखाच्या मागच्या कडेला खाली सोडायच्या पट्ट्या) वर असताना सरळ उड्डाणात स्टॉलचा वेग सुमारे ४८ नॉट आहे; उंची राखून ४५ अंश कलून वळलात तर तो ५७ होतो आणि ६० अंशांवर ६८ होतो. फायनलला आपण ६५च्या आसपास असतो. म्हणून सर्किटमध्ये मी स्वतःला ३० अंशांची मर्यादा घालून घेतली होती, आणि ३० अंशांत रेषा सापडली नाही तर पंख समतल करून, पॉवर देऊन, पुन्हा वर जायचे हे मी बेसवर वळण्याआधीच मोठ्याने म्हणत असे. पुन्हा वर जातानाही काळजी घ्या, कारण उतरण्यासाठी नाक वर राहील असा लावलेला ट्रिम (योकवरचा दाब हलका करणारी जुळणी) आणि पूर्ण पॉवर मिळून नाक झपकन वर उचलतात आणि डावीकडे ओढतात. तिथे उजवा पाय आणि योक पुढे देणारा हात दोन्ही तयार हवेत.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, ती तुम्हाला सांगतो. एप्रिलच्या दुपारी बेळगावात ३६ अंश असतात, तेव्हा इथली हवा इतकी विरळ होते की विमानाला ती सुमारे साडेपाच हजार फुटांवरच्या हवेसारखी वाटते. वेगदर्शकावर ६५ नॉट असले तरी हवेतला खरा वेग ७०च्या जवळ जातो आणि जमीन नेहमीपेक्षा जोरात मागे सरकताना दिसते. डोळ्यांना वाटते आपण फार वेगात आहोत, आणि हात नाक वर घेऊन वेग कमी करू पाहतो. स्टॉल मात्र वेगदर्शकावरच्या त्याच आकड्याला होतो. दुपारी, विशेषतः वळवाचे ढग चढू लागलेले असताना, उसाच्या शेतांकडे पाहून वेग ठरवू नका.

आणि अनुभवी माणसांचे हात असे वागत नाहीत असे समजू नका. २००९ साली अमेरिकेत बफेलोजवळ एक प्रवासी विमान पडले आणि ५० माणसे गेली; स्टॉलचा इशारा वाजत असताना कॅप्टनने कंट्रोल मागे ओढला होता. त्याच वर्षी अटलांटिकवर एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान स्टॉलमध्येच समुद्रापर्यंत खाली आले आणि २२८ माणसे गेली. त्यानंतर मोठ्या विमानांच्या वैमानिकांनाही हा विषय नव्याने शिकवला जाऊ लागला. तुम्हाला तो ५२व्या तासाला, पुरेशा उंचीवर आणि शेजारी माणूस असताना भेटला.

मुचंडीकर:

मी हवाई दलातून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालो. सांबऱ्याच्या हवाई दलाच्या प्रशिक्षण केंद्रात मी तरुणपणी शिकलो आणि आता जवळच्याच गावी राहतो. सकाळी अंगणात बसलो की तुमची विमाने डोक्यावरून जातात, त्यामुळे आपला प्रश्न मला परका वाटला नाही. उडवण्याबद्दल वरच्या दोघांनी सांगितले आहे. मी फक्त सीटबद्दल सांगतो.

सेस्नाची सीट दोन रुळांवर मागेपुढे सरकते आणि रुळाच्या भोकात एक खुंटी बसून ती जागेवर अडकते. वर्षानुवर्षांच्या वापराने भोके अंडाकृती होतात, खुंटी झिजते, आणि सीट वरवर बसल्यासारखी वाटली तरी खुंटी अर्धीच आत गेलेली असू शकते. मग उड्डाणाच्या वेळी नाक वर होताच सीट मागे घसरते, वैमानिक आधारासाठी हातातला योक धरतो आणि योकही त्याच्याबरोबर मागे येतो, पाय मात्र पेडलपर्यंत पोहोचत नाहीत. अशा अपघातांमुळे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९८७ साली या रुळांची आणि खुंट्यांची तपासणी सक्तीची केली. आपण सीटवर बसल्यावर दोन्ही पाय पेडलवर ठेवून कंबरेने मागेपुढे जोरात हिसका द्यावा, आणि सीट लॉक झाल्याचे हाताने चाचपावे. उंची कमी असलेल्या मुलामुलींनी पाठीमागे उशी घ्यावी, म्हणजे पेडल शेवटपर्यंत दाबता येईल. आपला उजवा पाय पुरेसा दाबला गेला नाही, असे वर लिहिले आहे. तो विसरल्यामुळे दाबला गेला नाही की पोहोचलाच नाही, हे एकदा उभ्या विमानात बसून पाहा.

आपल्या हाताने उलटे केले याचे फार मनाला लावून घेऊ नये. १९१२ साली विल्फ्रेड पार्क नावाचा इंग्रज नौदल अधिकारी स्पिनमध्ये सापडला, तेव्हा बाहेर कसे पडायचे हे कुणालाच ठाऊक नव्हते. त्यानेही आधी योक मागेच ओढला होता आणि रडर फिरकीच्याच दिशेने दिला होता. काहीच उपयोग होईना तेव्हा त्याने रडर उलट दिला आणि जमीन अगदी जवळ आलेली असताना विमान सरळ झाले. उतरल्यावर त्याने काय काय केले ते सगळे लोकांना सांगितले, म्हणून ते पुढच्यांना शिकता आले.

खानापूरकन्या:

सर्वांचे मनापासून आभार. उशिरा लिहीत आहे, कारण लिहिण्याआधी करून पाहायचे होते.

मुचंडीकर काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी उभ्या विमानात बसून पाहिले. सीट एक भोक पुढे घेतल्याशिवाय माझा उजवा पेडल शेवटपर्यंत जात नव्हता. टाच जमिनीवर टेकवून बोटांनी दाबल्यावर जेवढा जाई तेवढाच मी आजवर दाबत आले होते. आता मी पाठीमागे उशी घेते.

सोलोच्या आधी पुन्हा सराव हवा असा लेखी अर्ज मी दिला आणि तो मान्य झाला. वेगळ्या इन्स्ट्रक्टरांबरोबर, अल्टिमीटरवर ७,००० फुटांवर, आम्ही तोच स्टॉल सहा वेळा केला. पहिल्या दोन वेळा त्यांनी मला आकाशाऐवजी गोळीकडे पाहत राहायला सांगितले. पाती वाजू लागली तेव्हा गोळी खरोखरच उजवीकडे निघाली होती, आणि मी पाय दाबत गेले तशी ती परत आली. स्टॉल झाला तेव्हा नाक सरळ खाली गेले, पंख पडलाच नाही. चौथ्या वेळी त्यांनी मुद्दाम माझा पाय सैल सोडायला लावला. डावा पंख पडला, माझा हात उजवीकडे निघाला होता, पण मी तो मध्यावर थांबवला, योक पुढे दिला आणि उजवा पाय दाबला. आम्ही २५० फूट गमावले. पण एक शंका उरली आहे: विमान सरळ झाल्यावर ते लगेच उजवीकडे कलले, आणि ते का ते मला कळले नाही.

घरी सांगितले आहे. वडिलांनी माझ्याकडून ट्रॅक्टरच्या बॉनेटवर खडूने विमान काढून घेतले आणि एलेरॉन कुठला वर, कुठला खाली, हे तीनदा विचारले.

जुना_इन्स्ट्रक्टर:

फिरणे थांबल्यावरही तुमचा उजवा पाय दाबलेलाच राहिला, म्हणून विमान उजवीकडे कलले. पाय वेळेवर दाबणे जमले आहे, आता तो वेळेवर सोडणे शिकायचे आहे. उलट रडर मागे विसरला आणि योक लवकर मागे ओढला तर दुसऱ्या बाजूची फिरकी सुरू होऊ शकते. पुढच्या सरावात नाकासमोर एखादी ठळक खूण धरा, राजहंसगड किंवा धरणाची भिंत, आणि ती खूण सरकायची थांबली की पेडल समपातळीत आणा. मगच योक मागे घ्या. हे तीनदा नीट जमल्यावर सोलोबद्दल इन्स्ट्रक्टरांशी बोला, आणि त्या दिवशी वारा कुठून आहे ते सर्किटला निघण्याआधी कागदावर लिहून गुडघ्यावर ठेवा.